मुकुंदवाडी रेल्वे स्टेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाव बदनापूरकडचं आणि काम चिकलठाणा एमआयडीसीत, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य या मार्गावर अपडाऊन करण्यात गेलं. नवीन लागलेली मुलं, त्यांचे आईवडील, कोर्टाच्या तारखेला येणारी माणसं, बाहेरगावचे पाहुणे असे सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एका जागी आणले आहेत. आधी साधे प्रश्न, मग इतिहास आणि शेवटी तिकिटाचे अडचणीचे प्रकार. गाड्यांच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या बदलतात. त्या कुठे पाहायच्या ते प्रश्न 3 मध्ये आहे.

1. मुकुंदवाडी स्टेशन नेमकं कुठं आहे?

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्व भागात, जालना रोडच्या दक्षिणेला. मनमाडकडून येताना आधी मोठं स्टेशन, म्हणजे शहराचं मुख्य छत्रपती संभाजीनगर स्टेशन लागतं, मग मुकुंदवाडी आणि त्यानंतर चिकलठाणा, करमाड, बदनापूर, दिनागाव, जालना. मोठ्या स्टेशनपासून रुळानं सहा-सात किलोमीटर. आजूबाजूला मुकुंदवाडी गावठाण, रामनगर, संजयनगर आणि सिडकोचा एन-2 हा भाग. चिकलठाणा एमआयडीसीही जवळ. जालना, बदनापूर, करमाडकडून कामाला येणाऱ्यांसाठी शहर इथेच सुरू होतं.

2. मुकुंदवाडीला उतरू, चिकलठाण्याला की मोठ्या स्टेशनला?

काम कुठे आहे त्यावर ठरवा. एमआयडीसी, सिडको, विमानतळ किंवा जालना रोडवरचं सिडको बसस्थानक असेल तर मुकुंदवाडी. घाटी दवाखाना, जुनं शहर, मध्यवर्ती बसस्थानक किंवा पुढची लांबची गाडी असेल तर मोठं स्टेशन.

विमानतळाला लोक ‘चिकलठाणा विमानतळ’ म्हणतात, म्हणून पुष्कळ जण चिकलठाणा स्टेशनचं तिकीट काढतात आणि तिथे रिक्षा शोधत बसतात. हातात बॅगा असतील तर तसं करू नका. मुकुंदवाडीला उतरा, इथून जालना रोडवर लगेच निघता येतं. दौलताबादचा किल्ला आणि वेरूळ मात्र शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहेत, त्यासाठी मुकुंदवाडीचा काही उपयोग नाही.

3. कोणत्या गाड्या थांबतात? सचखंड, वंदे भारत थांबते का?

नाही. सचखंड आणि वंदे भारत या स्टेशनला न थांबता जातात. इथे थांबतात त्या मुख्यतः पॅसेंजर आणि त्यांच्या धर्तीवर चालणाऱ्या गाड्या. कोविडनंतर अनेक पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेसचा नंबर घेऊन धावू लागल्या, म्हणून नावावरून अंदाज बांधू नका. निघण्याआधी रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर गाडीचा नंबर टाकून थांब्यांची यादी पाहा, नाहीतर 139 ला फोन करा. यादीत मुकुंदवाडी नसेल तर ‘इथे जरा हळू होते, उतरता येतं’ असं कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. चालत्या गाडीतून उतरताना पाय गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

4. याला ‘हॉल्ट’ का म्हणतात? साधं स्टेशन आणि हॉल्ट यात फरक काय?

पूर्ण स्टेशनवर स्टेशन मास्तर असतो, सिग्नल असतात, गाडी बाजूला घ्यायला लूप लाइन असते. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या गाड्यांचं क्रॉसिंग अशाच ठिकाणी होतं. हॉल्टवर यातलं काही नसतं. गाडी थांबते, माणसं चढतात-उतरतात, गाडी निघते. तिकीट विकायला बहुतेक हॉल्टवर रेल्वेचा पगारी बाबू नसतो, कमिशनवर काम करणारा एजंट असतो. गाडी सोडायचं काम गार्डच्या हाती. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या तोंडी गार्डच आहे.

ही व्यवस्था मुळात खेड्यातल्या थांब्यांसाठी होती, जिथे दिवसाला पंधरा-वीस माणसं चढतात. मुकुंदवाडी आता तसं खेडं राहिलेलं नाही. सत्तरच्या दशकात सिडकोनं नवं शहर वसवायला घेतलं, शेजारी एमआयडीसी वाढली, 1982 मध्ये महानगरपालिका आली आणि शेतातला थांबा वस्तीच्या मधोमध आला. सकाळच्या गाडीला इथे डबा हातात धरून जी गर्दी उतरते, ती पाहिली की माझं म्हणणं पटेल: हे कामगारांचं स्टेशन आहे, आणि त्याला सावली, प्यायचं पाणी, उजेड, संडास आणि पुरेशा उंचीचा फलाट हक्कानं मिळाला पाहिजे. त्यासाठी आधी कागदावर मोठा दर्जा मिळायची वाट पाहायची गरज नाही.

5. गाडी मुकुंदवाडीच्या अलीकडे तासभर का उभी राहते?

क्रॉसिंग पडलं म्हणून. मार्ग एकेरी असला की समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत आपली गाडी मागच्या स्टेशनवर थांबते. मुकुंदवाडीला लूप नाही (प्रश्न 4), त्यामुळे ही वाट पाहणं चिकलठाणा, करमाड किंवा मोठ्या स्टेशनवर होतं. अशा वेळी लांबच्या गाडीला आधी सोडतात आणि पॅसेंजर थांबते.

विजेचे खांब आले, इंजिन बदललं, पण एका रुळावर एका वेळी एकच गाडी जाणार. परभणी ते मुदखेड हा 81 किलोमीटरचा टप्पा 2020 मध्ये दुहेरी झाला. अंकाई ते संभाजीनगर आणि पुढे परभणीपर्यंतचं दुहेरीकरण मंजूर झालेलं आहे. दुसरी लाइन आमच्या भागातून प्रत्यक्ष सुरू झाली की अपडाऊन करणाऱ्याचा रोजचा जो वेळ वाया जातो, त्यातला बराचसा वाचेल.

6. हा रेल्वेमार्ग कधीचा? कोणी बांधला?

निजामाच्या काळातला. मनमाडपासून संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादपर्यंत जाणारी ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’ 1900 च्या सुमारास सुरू झाली. लांबी साधारण सव्वासहाशे किलोमीटर आणि रूळ मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटरचं अंतर. ती चालवत होती निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. नावातला ‘गॅरंटीड’ हा शब्द भांडवलावरच्या हमी परताव्याचा: पैसा गुंतवणाऱ्यांना ठराविक व्याजाची हमी निजाम सरकारनं दिली होती. 1930 मध्ये सरकारनं ही रेल्वे स्वतःकडे घेतली आणि ती निजाम स्टेट रेल्वे झाली.

जालना, सेलू, मानवत, परभणी हा सगळा कापसाचा पट्टा. स्टेशनांच्या आसपास जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली, कापसाच्या गाठी मनमाडला जाऊन तिथून मुंबईच्या रेल्वेत चढायच्या. मनमाडला मीटरगेज संपायचं आणि ब्रॉडगेज सुरू व्हायचं, म्हणून माल उतरवून परत चढवावा लागायचा. माणसांचंही तेच. मुंबईला जायचं म्हणजे मनमाडला रात्री-बेरात्री उतरून, वळकटी डोक्यावर घेऊन दुसरी गाडी पकडायची, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं अजून आठवतं.

7. मग ही रेल्वे ‘मध्य’ची की ‘दक्षिण मध्य’ची? आपण महाराष्ट्रात असून सिकंदराबादकडे कसे?

सध्या दक्षिण मध्य रेल्वे, नांदेड विभाग. हा प्रश्न रागानं विचारला जातो, आणि रागाला कारण आहे.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. निजाम स्टेट रेल्वे 1951 मध्ये नव्यानं झालेल्या मध्य रेल्वेत गेली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. माणसं, तालुके, कचेऱ्या सगळ्यांची तोंडं मुंबईकडे वळली. आणि 2 ऑक्टोबर 1966 ला सिकंदराबाद मुख्यालयाची दक्षिण मध्य रेल्वे निघाली, त्यात हा मार्ग गेला. मराठवाड्याचा माणूस मुंबई-पुण्याला जाणारा, आणि त्याच्या गाडीचा निर्णय सिकंदराबादला होणारा. 2003 मध्ये नांदेडला विभागीय कार्यालय झालं, त्यानं अर्ज-विनंत्यांचं अंतर कमी झालं. तरी मराठवाडा मध्य रेल्वेला जोडा ही मागणी अजून होते. माझंही मत तेच आहे.

8. मीटरगेज कधी गेलं?

मनमाड–संभाजीनगर आणि पुढचा मार्ग नव्वदच्या दशकाच्या पहिल्या वर्षांत ब्रॉडगेज झाला. ब्रॉडगेजचं अंतर 1676 मिलिमीटर. मनमाडला गाडी बदलायची गरज तेव्हा संपली आणि मुंबईची गाडी थेट मिळू लागली.

9. हायकोर्टाच्या तारखेला यायचं आहे. इथे उतरलं तर चालेल का?

चालेल. खंडपीठ 27 ऑगस्ट 1981 पासून शहरात आहे आणि त्याची इमारत जालना रोडला आहे. परभणी, सेलू, परतूर, जालन्याकडून येणाऱ्याला मुकुंदवाडीहून रिक्षानं जाता येतं. मात्र गाडी इथे थांबते याची खात्री करा (प्रश्न 3), आणि तारीख महत्त्वाची असेल तर क्रॉसिंगचा वेळ धरून (प्रश्न 5) एक गाडी आधीची पकडा.

10. पाण्यासाठी रेल्वेनं जाणारी लहान मुलं पेपरात आली होती, ती इथलीच का?

हो, इथलीच. 2019 चं वर्ष. मराठवाड्यात पाऊस नव्हता आणि मुकुंदवाडीच्या वस्तीत नळ नव्हते. शाळा सुटली की नऊ-दहा वर्षांची पोरं रिकामी भांडी घेऊन हैदराबादकडून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये चढायची, मोठ्या स्टेशनवर उतरून तिथल्या नळावर भरून घ्यायची आणि परतीच्या गाडीनं यायची. जाऊन-येऊन सुमारे 14 किलोमीटर. परदेशातल्या बातम्यांतही ते छापून आलं.

आम्ही त्याच डब्यात असायचो. आत पाय ठेवायला जागा नसायची, त्यात पोरांच्या कळश्या, कॅन, तेलाचे रिकामे डबे. काही प्रवासी ओरडायचे, काही जण भांडी वर घ्यायला हात द्यायचे. परत येताना खरी कसरत. मुकुंदवाडीला गाडी मिनिटभर थांबणार, तेवढ्यात भरलेली भांडी आधी दारातून खाली द्यायची, मग स्वतः उतरायचं. फलाटावर आया उभ्या असायच्या, त्या भांडं धरायच्या आणि दुसऱ्या हातानं पोराला ओढून घ्यायच्या. कळशीच्या तोंडाला ओढणी बांधलेली असायची, हिंदकळून पाणी सांडू नये म्हणून. तरी सांडायचंच, आणि उतरणाऱ्यांचे पाय त्यावर घसरायचे.

पन्नासेक किलोमीटरवर पैठणला जायकवाडीचं एवढं मोठं धरण. शहराचं पाणी तिथूनच येतं. त्या शहराच्या एका वस्तीतली पोरं पाण्यासाठी रेल्वेनं जात होती, हे या स्टेशनच्या इतिहासात निजामाच्या रेल्वेइतकंच ठळक लिहिलं गेलं पाहिजे.

11. रूळ ओलांडून गेलं तर दहा मिनिटं वाचतात. सगळेच जातात, मग काय हरकत आहे?

कायद्यानं गुन्हा आहे. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मी कायद्यापेक्षा दुसरं सांगतो. विजेवर चालणाऱ्या गाडीचा आवाज डिझेलसारखा लांबून येत नाही. कानात इअरफोन असेल तर अजिबातच नाही.

आणि याच मार्गावर, बदनापूर आणि करमाडच्या मधे, 8 मे 2020 च्या पहाटे मालगाडीखाली 16 मजूर गेले. मध्य प्रदेशातली माणसं, जालन्याच्या कारखान्यात कामाला. लॉकडाऊनमध्ये घरी जायला गाडी मिळेल या आशेनं भुसावळकडे रुळारुळानं चालत निघाली होती आणि थकून रुळांवरच झोपली. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या पोळ्या रुळांत पडलेल्या सगळ्या देशानं पाहिल्या. आमची गाडी तिथून जाते तेव्हा मी अजून खिडकीकडे पाहतो.

12. मासिक पास कसा काढायचा? कोणत्या गाडीत चालतो?

तिकीट खिडकीवर किंवा मोबाइलवर रेलवन ॲपमधून. पास 150 किलोमीटरपर्यंतच्या अंतरालाच मिळतो. जालना त्यात सहज बसतं. तीन महिन्यांचा पास मासिक पासाच्या 2.7 पट पडतो, म्हणजे रोजचं अपडाऊन असेल तर तोच घ्या. सोबत ओळखपत्र लागतं आणि तपासनीस ते मागतो.

पास जनरल डब्याचा आहे, आरक्षित डब्यात चालत नाही. जनशताब्दी, वंदे भारत अशा पूर्ण आरक्षित गाड्यांत तर नाहीच. सुपरफास्ट गाडीत जनरल डब्यात बसायचं असेल तर वेगळा अधिभार भरावा लागतो. ‘रोजचा माणूस आहे, सोडा’ हे एखादा तपासनीस ऐकेल, दुसरा ऐकणार नाही.

13. माझी मुलगी कॉलेजला अपडाऊन करणार आहे. तिला सवलत आहे का?

आहे, आणि ही गोष्ट फार कमी आईवडिलांना माहीत असते. घर ते शाळा-कॉलेज या अंतराचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत मोफत मिळतो. कॉलेजकडून ठराविक नमुन्यातला दाखला आणावा लागतो. खिडकीवर ‘असं काही नसतं’ असं उत्तर मिळालं तर शांतपणे मोठ्या स्टेशनच्या बुकिंग कार्यालयात जा आणि तिथे दाखला दाखवा. मुलीचं शिक्षण गाडीभाड्यावाचून अडता कामा नये.

14. तिकीट काढलं आणि गाडी चुकली. तेच तिकीट पुढच्या गाडीला चालेल का?

अंतर 199 किलोमीटरपर्यंत असेल तर जनरल तिकिटावर, ते काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या ठिकाणाला जाणारी पुढची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे उशिराचं असेल तोवर प्रवास सुरू करता येतो. आमच्याकडे दुपारी दोन गाड्यांत मोठं अंतर पडतं, म्हणून हा दुसरा भाग लक्षात ठेवा. पॅसेंजरचं साधं तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये मात्र बसता येत नाही, फरक भरावा लागतो.

15. एवढ्याशा अंतराला एक्स्प्रेसचं भाडं इतकं जास्त का?

मेल-एक्स्प्रेसच्या दुसऱ्या वर्गाला किमान 50 किलोमीटरचं भाडं लागतं, तुम्ही सहा किलोमीटर जा की चाळीस. म्हणून जी पॅसेंजर एक्स्प्रेस झाली (प्रश्न 3), तिनं जवळच्या प्रवाशाचा खिसा सगळ्यात जास्त कापला.

16. मोठ्या स्टेशनचं तिकीट आहे, मुकुंदवाडीला उतरलो तर दंड होईल का?

दिशा पाहा. जालन्याकडून येत असाल तर मुकुंदवाडी आधी येतं. तुम्ही पुढच्या स्टेशनपर्यंतचे पैसे भरलेले आहेत, अलीकडे उतरलात तर दंड नाही. पासाचंही तसंच. म्हणून मी जालन्याकडच्या सगळ्यांना मोठ्या स्टेशनपर्यंतचा पास काढायला सांगतो, दोन्हीकडे उतरता येतं.

मनमाड, लासूर, रोटेगावकडून येत असाल तर उलट. मोठं स्टेशन आधी येतं आणि मुकुंदवाडी त्याच्या पुढे. मोठ्या स्टेशनपर्यंतच्या तिकिटावर पुढे बसून राहिलात तर तो विनातिकीट प्रवास. वरचं भाडं आणि किमान 250 रुपये. नोकरीच्या पहिल्या महिन्यात रात्रपाळी करून लासूरला एका लग्नाला गेलो होतो. येताना झोप लागली, आणि मुकुंदवाडीला तिकीट तपासलं तेव्हा माझ्याजवळ मोठ्या स्टेशनपर्यंतचंच होतं. तेव्हाच्या पगारात ती रक्कम फार होती.

17. ॲपवर ‘औरंगाबाद’ टाकलं तर मोठं स्टेशन सापडत नाही.

ऑक्टोबर 2025 पासून त्या स्टेशनचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आणि कोड एडब्ल्यूबी जाऊन सीपीएसएन आला. नवीन कोड टाका. मुकुंदवाडीचं नाव आहे तेच आहे.

18. पाहुणे रात्रीच्या गाडीनं पहिल्यांदाच येत आहेत. स्टेशन कसं ओळखायचं, काय सांगू?

जालन्याकडून येत असतील तर करमाड गेलं की सामान काढून ठेवायला सांगा आणि चिकलठाणा गेलं की दाराजवळ यायला सांगा. मनमाडकडून येत असतील तर खूण सोपी आहे: मोठ्या स्टेशनवर अर्धा डबा रिकामा होतो, त्यानंतर गाडी सुटली की लगेच उठायचं. थांबा थोडा वेळच असतो. म्हाताऱ्या माणसाला आधी उतरवा आणि बॅगा मागून द्या. आणि शक्य असेल तर तुम्ही स्वतः बॅटरी घेऊन फलाटावर जा, त्यांच्या डब्याचा नंबर आधी विचारून घ्या.